ऐकतात, सही करतात, आणि वस्तीत ये रे माझ्या मागल्या

प्रश्न : गोवंडीतल्या एका संस्थेत मी आरोग्य कार्यकर्त्या ताईंची प्रशिक्षणं बघते. महिन्यातून एक दिवस वर्ग असतो. पीपीटी, डॉक्टरांचं व्याख्यान, शेवटी पोस्ट-टेस्ट, म्हणजे लगेच घेतलेली परीक्षा. मार्क चांगले पडतात. पण गृहभेटीला सोबत गेलं की दिसतं, जुनंच सांगणं चालू आहे. आता आमचे फंडर, म्हणजे कामाला पैसे देणारे, म्हणतात, नुसतं शिकवू नका, ‘परिवर्तनकारी प्रौढ शिक्षण’ करा. म्हणजे खेळ, गटचर्चा, रोलप्ले वाढवायचे का? नेमकं काय बदलायचं, आणि बदललं हे दाखवायचं कसं?

उत्तर : खेळ आणि गटचर्चा वाढवून हे होणार नाही. व्याख्यानाच्या जागी चार्टपेपर आले, खुर्च्या गोलात मांडल्या, टाळ्यांचा खेळ घेतला, तरी चर्चेच्या शेवटी ताईंनी काय म्हणायचं हे आधीच ठरलेलं असेल तर ते व्याख्यानच. फक्त वेळ जास्त लागतो. दुखणं कुठे आहे ते तुमच्या प्रश्नातच आलं आहे. मार्क चांगले पडतात, म्हणजे ताईंना माहिती आहे. तरी वस्तीत त्या जुनंच सांगतात, म्हणजे त्या माहितीच्या शेजारी आणखी काहीतरी आहे आणि गल्लीत गेल्यावर तेच जिंकतं. घोडं तिथे पेंड खातं. ते वर्गात उघड झाल्याशिवाय पुढच्या विषयाला हात घालू नका.

मोठं माणूस वर्गात येतं तेव्हा त्याच्याकडे बहुतेक प्रश्नांची उत्तरं आधीच असतात. ताईंनी दोन-तीन मुलं वाढवलेली असतात. आईचं, सासूचं ऐकलेलं असतं, गल्लीतल्या डॉक्टरचं बघितलेलं असतं, स्वतःच्या मुलाच्या आजारपणात रात्र काढलेली असते. त्यातून तयार झालेलं उत्तर त्यांच्या उपयोगी पडलेलं आहे, म्हणून ते टिकलं आहे. आपण वर्गात नवं उत्तर देतो, त्या ते लिहून घेतात आणि जुन्याच्या वर ठेवून देतात. पोस्ट-टेस्ट वरचं उत्तर मोजते. रात्री साडेअकराला शेजारीण कडेवर मूल घेऊन दारात उभी राहिली की खालचं उत्तर बाहेर येतं. इतक्या वर्षांच्या कामात माझी एक गोष्ट पक्की झाली आहे: जुनं उत्तर टेबलावर आलं नाही, त्याला मान देऊन तपासलं गेलं नाही, तर नवं उत्तर कधीच मुरत नाही.

जुलाबाचाच विषय घेऊ, कारण तो प्रत्येक संस्थेच्या यादीत असतो आणि प्रत्येक संस्थेत पाठ होऊन विसरला जातो.

नेहमीचा वर्ग असा असतो: जुलाब म्हणजे काय, शरीरातलं पाणी कमी होतं, ओआरएस (पाण्यात विरघळवून पाजायची मीठ-ग्लुकोजची पूड, पाकिटात मिळते) द्या, झिंक द्या, अंगावरचं दूध चालू ठेवा. ताई मान डोलावतात. आता तुम्ही सुरुवात वेगळी करा. ‘जुलाब झाले तर काय करायला हवं?’ असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर पाठ आहे. विचारा, ‘तुमच्या स्वतःच्या घरात शेवटचं मूल जुलाबाने आजारी पडलं, तेव्हा पहिल्या दिवशी घरात काय काय झालं? कोणी काय सांगितलं, कोणाचं ऐकलं?’ सुपरवायझर खोलीत नसेल आणि तुम्ही वहीत मार्क मांडत नसाल, तर थोड्या वेळाने खरं यायला लागतं. डाळिंबाची साल, उगाळलेलं जायफळ, साबुदाण्याची पेज, दूध बंद, गल्लीतल्या डॉक्टरकडून सुई. आणि बहुतेक गटांत कोणीतरी हे वाक्य बोलतंच: ‘मॅडम, पाणी पाजलं की लगेच खालून बाहेर येतं. मग पाजून काय उपयोग?’

सगळं प्रशिक्षण या एका वाक्याभोवती फिरायला हवं, आणि नेमकं याच वाक्याला आपण घाईने दुरुस्त करतो. ‘असं नाही ताई, पाणी द्यायलाच हवं.’ तिथे वर्ग संपला. त्या ताईंनी जे सांगितलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ओआरएस दिल्यावर जुलाब लगेच थांबत नाहीत. ओआरएसचं ते कामच नाही. त्याचं काम गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढायचं. पण औषध लागू पडलं की नाही हे ओळखायची आईची कसोटी एकच असते, जुलाब थांबले का. त्या कसोटीवर ओआरएस नापास होतं आणि गल्लीतली सुई पास होते. ताईंनी दोनदा पाकीट वापरून पाहिलं, जुलाब चालूच राहिले, त्यांनी मनात निकाल लावून टाकला. त्यांचा तर्क चुकलेला नाही. कसोटी बदलायला हवी. मूल लघवी करतंय का, रडताना डोळ्यांत पाणी येतंय का, जीभ ओली आहे का, पोटाची चिमूट सोडल्यावर कातडी झटकन सपाट होते का, मूल आपल्याकडे बघतंय का. ‘औषध लागू पडलं’ म्हणजे काय, याचा अर्थच बदलतो तेव्हा पुढचं सगळं वागणं बदलतं. परिवर्तनकारी शिक्षण म्हणतात ते हेच.

आता हे घडवायचं कसं? ते वाक्य आलं की उत्तर देऊ नका, गटाकडे परत द्या. ‘ताई म्हणतात ते खरंच दिसतं. मग दवाखान्यात नेल्यावर काय करतात?’ कोणीतरी म्हणतं, सलाइन लावतात. ‘सलाइनच्या बाटलीत काय असतं?’ मीठ-पाणी, हे बऱ्याच जणींना माहीत असतं. ‘म्हणजे घरी आपण पाणी तोडतो आणि दवाखान्यात पैसे भरून नसेतून तेच घालतो?’ हा शेवटचा प्रश्न तुम्ही विचारायची गरजही पडत नाही पुष्कळदा, एखादी ताईच विचारते. एकीच्या तोंडून आला की दहा जणी वाद घालतात. घालू द्या. कोणाची पुतणी शेवटच्या क्षणी दवाखान्यात पोचली होती, कोणाचं मूल पेजेवरच बरं झालं होतं. दोन्ही खरं असतं. आपलं काम त्या वेळी इतकंच की सगळ्यात मोठ्याने बोलणारीने निकाल लावू नये आणि कोपऱ्यात बसलेल्या नव्या ताईला जागा मिळावी.

आणि मग, याच वेळी, दहा मिनिटं नीट माहिती द्या. आतड्याच्या आतल्या थरातून ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम जोडीने आत शिरतं आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. जुलाब चालू असतानाही हा रस्ता बंद होत नाही, म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा मीठ-साखरेचं योग्य मिश्रण उपयोगी पडतं. १९७१ ची गोष्ट सांगा: बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ होती, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. पाजणाऱ्यांत डॉक्टर-नर्स थोडे, आई-बाप-भाऊच जास्त. ही गोष्ट वर्गाच्या सुरुवातीला सांगितली तर ती माहिती असते. वाद पेटल्यावर सांगितली की ती उत्तर होते, आणि ताई ती वस्तीत जाऊन आपल्या शब्दांत सांगतात.

त्यानंतर हाताला काम द्या. आदल्या दिवशी सांगा, घरात मुलाला पाणी ज्या भांड्याने देता ते घेऊन या. स्टीलचे ग्लास, प्लास्टिकचे मग, कापलेल्या बाटल्या, सगळं येतं. एक लिटरच्या बाटलीने मोजायला लावा. कोणाचे चार ग्लास भरतात, कोणाचे पाच, कोणाचे सात. मग पाकिटं वाटा. मेडिकलमध्ये एक लिटरचंही पाकीट मिळतं आणि २०० मिलीचं छोटंही. मोठं पाकीट एका ग्लासात ओतलं की मिठाचं प्रमाण घातक होतं, आणि वस्तीत हे घडतं. प्रत्येकीने आपापल्या भांड्यात बनवायचं, चव घ्यायची. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर काहीतरी चुकलं आहे. या अर्ध्या तासात जे प्रश्न निघतात ते कुठल्याच मॉड्यूलमध्ये नसतात. पिंपात साठवलेलं पाणी चालेल का? उकळायचं तर गॅस परवडत नाही, मग? सकाळी बनवलेलं रात्री द्यायचं का? याला प्रामाणिक उत्तरं द्या: पाणी उकळून गार केलेलं असेल तर उत्तम, नसेल तर घरात असलेलं सगळ्यात स्वच्छ पाणी घ्या पण पाजणं थांबवू नका, चोवीस तासांनंतर उरलेलं टाका.

रोलप्ले जरूर घ्या, पण आज्ञाधारक आईचा नको. तो सगळ्या प्रशिक्षणांत होतो आणि वाया जातो. कार्यकर्ती सांगते, आई ‘हो ताई’ म्हणते, टाळ्या. त्याऐवजी एकीला सासू करा, जी म्हणते, ‘आम्ही सहा वाढवली, आम्हाला शिकवू नको.’ एकीला नवरा करा, ज्याला कामावर जायची घाई आहे आणि सुई मारून विषय संपवायचा आहे. आणि ताई घरात ज्या भाषेत बोलतात त्याच भाषेत होऊ द्या, हिंदीत तर हिंदीत. पुस्तकी मराठीत सराव केलेलं वाक्य बैंगनवाडीच्या दारात तोंडातून निघत नाही.

शेवटी प्रत्येकीने एकच घर निवडायचं आणि पुढच्या वर्गात तिथे काय झालं ते सांगायचं. आपण काय सांगितलं ते नको, समोरच्याने काय उत्तर दिलं आणि आपण तिथे कुठे अडलो ते हवं. पुढचा वर्ग तिथूनच सुरू होतो.

आता थोडं यामागच्या विचाराबद्दल, कारण फंडरला तेही सांगावं लागेल. जॅक मेझिरो या अमेरिकन अभ्यासकाने १९७८ मध्ये ही मांडणी केली. बरीच वर्षं संसारात घालवून पुन्हा कॉलेजात आलेल्या बायकांचा अभ्यास करताना त्यांना दिसलं की त्यांच्यात झालेला मोठा बदल अभ्यासक्रमातल्या माहितीने झालेला नव्हता. स्वतःबद्दलची आणि जगाबद्दलची जी गृहीतकं त्या न तपासता वागवत होत्या, ती तपासली गेली होती. सुरुवात जुनं उत्तर कुठेतरी तोंडघशी पडण्याने होते. मग माणूस स्वतःकडे बघतं, आपल्यासारखं इतरांचंही झालं आहे हे त्याला कळतं, नव्या भूमिकेत वावरून बघतं, सावकाश आत्मविश्वास येतो. मेझिरोंनी याचे दहा टप्पे सांगितले. त्या दहा टप्प्यांच्या दहा स्लाइड करू नका, एवढी विनंती.

आपल्याकडे हे नवं नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली आणि त्याच वर्षी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. त्यात कुणब्याचं जोडपं आधी जोशाकडून नाडलं जातं, मग आपण नाडले गेलो हे त्यांना उमगतं, आणि शेवटी ते दोघं रात्रशाळेची वाट धरतात. हा क्रम बघा. आधी डोळे उघडणं, मग पाटी-पेन्सिल. ‘शिक्षणाचं महत्त्व’ या विषयावर त्यांना कोणी व्याख्यान दिलं म्हणून ते शाळेत गेलेले नाहीत. ब्राझीलच्या पावलो फ्रेअरे यांनी १९६३ मध्ये आंजिकोस गावात सुमारे ३०० मजुरांना ४० तासांत लिहा-वाचायला शिकवण्याचा प्रयोग केला, तेव्हा सुरुवात वर्णमालेने न करता मजुरांच्या रोजच्या जगण्यातल्या शब्दांनी आणि त्यावरच्या चर्चेने केली. पुढच्याच वर्षी लष्करी उठाव झाला, फ्रेअरेंना तुरुंगात टाकलं, मग देश सोडावा लागला. त्यांचं नाव मुंबईतल्या कितीतरी संस्थांच्या माहितीपत्रकात असतं. पण त्यांच्या पद्धतीतली अवघड गोष्ट, म्हणजे शिकणाऱ्याच्या हातात निर्णय देणं, तेवढी गळून पडते.

निर्णय देणं म्हणजे काय, हे बघायला ब्राझीलला जायला नको, भायखळा पुरेसं आहे. जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथवासीयांच्या खटल्यात निकाल दिला: जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, पण रीतसर नोटीस देऊन पालिका झोपड्या हटवू शकते. १९८४ मध्ये सुरू झालेली स्पार्क ही संस्था तेव्हा भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांबरोबर काम करत होती. झोपड्या तुटणार ही भीती समोर होती. त्या वेळी फुटपाथवरच्या घरांची गणना झाली, आणि ज्यांना शहराच्या कुठल्याच यादीत जागा नव्हती ती माणसं आकड्यांत आली. १९८६ मध्ये महिला मिलन ही या बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली. घर मिळालंच तर ते कसं हवं, हे ठरवायला या बायकांनी साड्या जमिनीवर पसरून खोलीची लांबी-रुंदी मोजली आणि घरांचे नमुने तयार केले. उंची वाढवून पोटमाळा काढायची कल्पना त्यातूनच पुढे आली. बचत, मोजणी, नकाशा, अधिकाऱ्यांशी बोलणं, हे सगळं त्या शिकल्या, पण कुणी ‘नेतृत्व विकास’ असा वर्ग घेतला म्हणून नव्हे. ठरवायचं त्यांना होतं, म्हणून शिकावं लागलं.

तुमच्या ताईंच्या हातात काय ठरवायचं आहे? हा प्रश्न स्वतःला आणि तुमच्या संस्थेला विचारा. गृहभेटीचा क्रम वरून येतो, रजिस्टर वरून येतं, संदेश वरून येतो, पोस्टरसुद्धा वरून. अशा माणसाला वर्गात ‘तुम्ही परिवर्तनाच्या वाहक आहात’ म्हणणं मला पटत नाही. निदान इतकं करा: या महिन्यात कुठल्या दहा घरांकडे जास्त लक्ष द्यायचं हे त्यांना ठरवू द्या, आणि ठरवल्यावर ते बदलू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बेताच्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घरी घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि गरज पडली तर इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. प्रशिक्षण उत्तम होतंच, पण शिकलेलं वापरायचा अधिकार आणि हातात औषधाची पिशवीही होती.

मग व्याख्यान टाकून द्यायचं का? अजिबात नाही. या वाऱ्यात सगळं ‘गटातूनच आलं पाहिजे’ असा एक हट्ट शिरतो, तो धोक्याचा आहे. झिंक किती आणि किती दिवस, हे चर्चेतून ठरत नाही. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, सहा महिन्यांवरच्या मुलाला २०, आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण. शौचात रक्त, मूल सुस्त, काही पिता येत नाही, डोळे खोल गेले, सतत उलटी, यातलं काहीही दिसलं तर ताबडतोब दवाखाना. हे स्पष्ट सांगायचं, पाठ करून घ्यायचं, पुन्हा पुन्हा विचारायचं. ‘वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, केलेलं ९० टक्के’ ही स्लाइड मात्र काढून टाका. ते आकडे कुठल्याही संशोधनातून आलेले नाहीत. ज्या एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांच्या नावावर ते खपवतात त्यांच्या १९४६ च्या आकृतीत टक्केवारीच नव्हती.

लक्षात राहण्याबद्दल भरवशाचं जे आहे ते वेगळं आहे. रॉडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवायचा सराव केला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर आठवणाऱ्यांना ६१ टक्के आलं, वाचणाऱ्यांना ४०. तुमची पोस्ट-टेस्ट त्या पाच मिनिटांवर घेतली जाते. म्हणून ती चांगली येते, आणि म्हणूनच ती फसवते. तीच परीक्षा पुढच्या महिन्याच्या वर्गात सकाळी आल्या आल्या घ्या, न सांगता, मार्क न लावता. तुम्हाला खरं चित्र दिसेल, आणि त्या आठवण्यानेच ताईंचं पक्कं होईल.

एक गोष्ट कामाच्या मर्यादेबद्दल, आणि ती मुंबईचीच आहे. बायकांचे गट दर महिन्याला बसतात, चित्रं आणि गोष्टींतून आपल्या भागातले प्रश्न ओळखतात, उपाय ठरवतात, करून बघतात. ही पद्धत नेपाळच्या मकवानपूरमध्ये वापरली तेव्हा नवजात मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले (२००४). झारखंड-ओडिशात एकजुट संस्थेच्या कामात ३२ टक्क्यांनी (२०१०). तीच पद्धत मुंबईच्या वस्त्यांत ४८ विभागांमध्ये तपासली गेली, २०१२ मध्ये निकाल आले, आणि बाळंतपणाच्या काळजीत फरक आढळला नाही, बाळांचे मृत्यूही कमी झालेले दिसले नाहीत. तेव्हा प्रौढ शिक्षण कुचकामी, असं मी त्यातून काढत नाही. माझं वाचन असं आहे की झारखंडच्या गावांत बाळंतपण घरी होत होतं, तिथे घरात काय करायचं हे त्या बायकांच्या हातात होतं. मुंबईत बहुतेक बाळंतपणं तेव्हाही दवाखान्यातच होत होती, आणि वॉर्डात काय घडतं ते गल्लीतल्या गटाच्या हाताबाहेर होतं. शिवाय वेगवेगळ्या देशांतल्या अशा सात चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा दिसलं की गर्भवती बायकांपैकी निदान ३० टक्के जणी गटात येत होत्या तिथेच परिणाम ठळक होता. भाड्याची खोली सोडून माणसं सतत हलतात अशा वस्तीत तेवढ्या जणी जमवणं फार कठीण.

म्हणून विषय निवडताना बघा, अडथळा माणसाच्या समजुतीत आहे की व्यवस्थेत. जुलाबात समजुतीचा वाटा मोठा आहे, तिथे हे काम फळ देतं. नळाला पाणीच आडवेळी येतं, शौचालय दूर आहे आणि रात्री बंद होतं, तर बायकांची ‘हात धुण्याबाबत मानसिकता’ बदलायला जाऊ नका. तिथे त्यांना वॉर्ड ऑफिसला अर्ज कसा करायचा, पाठपुरावा कसा ठेवायचा हे शिकवा, आणि संस्थेने त्यांच्यासोबत उभं राहा. साधन न देता समजूत बदलायला लावणं हा अन्याय आहे.

एक इशारा. ‘हादरा दिल्याशिवाय माणूस बदलत नाही’ असं ऐकून काही प्रशिक्षक ताईंना रडवतात. मारहाण, गर्भपात, गेलेलं मूल, हे अनोळखी वीस जणींसमोर उकरून काढतात आणि सत्र ‘पॉवरफुल’ झालं म्हणतात. संध्याकाळी ती बाई एकटी घरी जाते. हे करू नका. हादरा तिच्या स्वतःच्या अनुभवातला विरोधाभास दिसण्याने बसला पाहिजे, आणि बसल्यावर सोबतिणी हव्यात. कोणी काही न सांगण्याचं ठरवलं तर तो तिचा हक्क.

बारीकसारीक व्यवस्थेच्या गोष्टी पटकन सांगते. वर्ग शहरातल्या एसी हॉलमध्ये नको, वस्तीतल्या अंगणवाडीत किंवा समाजमंदिरात घ्या. हार्बर लाइनच्या गर्दीतून येण्यात अर्धा जीव जातो. पाणी यायच्या वेळेत वर्ग ठेवू नका. दिवसाचं मानधन बुडत असेल तर ते भरून द्या. पूर्ण दिवसाचा एक वर्ग करण्यापेक्षा पंधरवड्याला दोन-अडीच तास बरे. डॉक्टरांना आधीच्या वर्गातून निघालेले प्रश्न लिहून पाठवा आणि वीस मिनिटं तेवढ्यांवरच बोला म्हणावं. बहुतेक डॉक्टरांना ते आवडतं. सुपरवायझरला याच पद्धतीच्या वर्गातून आधी जाऊ द्या. ती जर नंतर वस्तीत येऊन ‘रजिस्टर भरलं का?’ एवढंच विचारणार असेल, तर ताई रजिस्टरच भरतील.

दाखवायचं कसं, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या: आवडलं का, शिकले का, कामात वागणं बदललं का, परिणाम झाला का. आपले अहवाल पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतात. तिसरी पायरी मोजायला महागडं काही लागत नाही. वर्गानंतर महिन्या-दीड महिन्याने काही गृहभेटींना सोबत जा, आधी ताईंची परवानगी घेऊन, आणि तीन गोष्टींची नोंद ठेवा. सांगण्याआधी तिने घरात काय चाललं आहे ते विचारलं का? घरातलं भांडं मागून पाकीट कसं बनवायचं ते करून दाखवलं का? आणि सासूने किंवा नवऱ्याने विरोध केला तेव्हा ती गप्प बसली, आवाज चढवला, की आणखी एक प्रश्न विचारला? यातली तिसरी नोंद सगळ्यात बोलकी असते. त्याबरोबर वर्गात ताईंनी विचारलेले प्रश्न तारखेनिशी लिहून ठेवा. पहिल्या महिन्यांत ‘हे रजिस्टरच्या कुठल्या रकान्यात लिहायचं?’ असे प्रश्न येतात. ‘त्या बाईला पटलं पण नवऱ्याला नाही, तर पुढे काय करायचं?’ असे यायला लागले की काम होतंय.

फंडरला आधीच सांगा की वर्षाला बारा विषय होणार नाहीत, चार-पाच होतील, प्रत्येकावर दोन-तीन बैठका. प्रशिक्षित संख्येचा आकडा लहान दिसेल. परिवर्तनकारी शिक्षणाची मागणी त्यांनी केली आहे, तर वेळेची किंमत त्यांना मान्य करावी लागेल, आणि हे बोलणं करार नूतनीकरणाच्या वेळी करा, अहवालाच्या वेळी नको. जुलाबाचा विषय मेच्या अखेरीस घ्या. जून-जुलैत वस्तीत घरोघरी जुलाबाची मुलं असतात, तेव्हा ताईंना शिकलेलं त्याच आठवड्यात करून बघायला मिळेल आणि पुढच्या बैठकीला त्या रिकाम्या हाताने येणार नाहीत.